खड्डा क्रमांक १ : इंदूर पद्धतीच्या खताची वही

१३ ऑक्टोबर २०२४, रविवार

काल दसरा झाला, आज खड्डा. सोयाबीन निघालं आहे. थ्रेशरमागे भुशाचा ढीग पडलाय आणि दादा तो वीटभट्टीवाल्याला देऊन टाकणार होता. अण्णांनी बाजेवरून आवाज दिला, "एक ट्रॉली मला ठेव रे." कशाला, हे त्याला विचारावं लागलं नाही. गेली चाळीस वर्षं अण्णा म्हणताहेत, एकदा इंदूर पद्धतीनं खत करून बघू. यंदा मी हो म्हणून बसले. मी इंदूरमध्ये राजेंद्रनगरला राहणार, एका कारखान्याचे हिशेब बघणार आणि रविवारी सांवेर रस्त्यानं माहेरच्या शेतावर येऊन खत करणार! वहिनी गालातल्या गालात हसली, ते मी बघितलं.

अण्णा १९६४ साली इंदूरच्या कृषी महाविद्यालयात शिकायला गेले. ती जागा म्हणजे मुळात १९२४ ची इन्स्टिट्यूट ऑफ प्लँट इंडस्ट्री. होळकर दरबारानं ३०० एकर जमीन दिलेली आणि अल्बर्ट हॉवर्ड तिथला पहिला संचालक. खताची 'इंदूर पद्धत' त्यानं तिथेच बसवली आणि १९३१ मध्ये यशवंत वाड यांच्यासोबत पुस्तक काढून जगापुढे ठेवली. वाड हे नाव अण्णा दर वेळी जरा जोर देऊन घेतात. "साहेबाचं नाव सगळे घेतात. आपला माणूस कुणाला आठवतो?" १९३५ च्या एप्रिलमध्ये हिंदी साहित्य संमेलनासाठी गांधीजी इंदूरला आले, तेव्हा ते खड्डे बघायला गेले होते, हेही अण्णांच्या पाठांतरात आहे.

हॉवर्डचं माप ३० फूट लांब, १४ फूट रुंद, ३ फूट खोल. आमची ऐपत १२ बाय ६, खोली अडीच. जागा गोठ्यामागे, लिंबाच्या सावलीत, विहिरीच्या पाइपाला जवळ. भेरूभाई आणि दादा खणायला लागले. वरचा हातभर थर भसाभस निघाला, खाली काळी माती सुकून दगड झालेली. पहार मारली की ठण्ण. दादानं तासाभरात फावडं ठेवलं आणि त्याला मंडीतलं काम आठवलं.

या वहीचा नियम असा : कुणी किती तास काम केलं ते लिहायचं. माझा धंदाच तो.

१४ ऑक्टोबर, सोमवार (फोनवरून)

खड्डा पुरा झाला. खणायचे एकूण तास २२.

१६ ऑक्टोबर, बुधवार (फोनवरून)

पहिला घोटाळा.

या पद्धतीत शेणाइतकीच किंमत गोठ्यातल्या मुतलेल्या मातीला आहे. नत्र त्यात असतं. हॉवर्डच्या गोठ्याची जमीन मातीची होती. वरची माती खणून काढायची आणि नवी टाकायची. आमच्या गोठ्यात २०१६ पासून सिमेंट आहे, मूत नालीतून सरळ बाहेर. अण्णांनी तोड काढली : रात्री सिमेंटवर कोरडी माती पसरायची, सकाळी खरडून घ्यायची. वहिनीनं पसरली. पण पसरली ती शेतातली काळी माती. ओली झाली की ती साबणासारखी होते, हे आमच्या घरात शेंबड्या पोरालाही माहीत आहे आणि तरी एकाच्याही डोक्यात आलं नाही. पहाटे म्हैस घसरली. गुडघा खरचटला, सकाळी दूध अर्ध्यावर.

वहिनी फोनवर : "ताई, तुमच्या हॉवर्डसाहेबाला विचारा, त्याच्या गोठ्यात म्हशी होत्या का?"

नव्हत्या बहुधा. त्याच्याकडे औतकाठीचे बैल होते.

आता मातीऐवजी मुरूम आणि त्यावर भुशाचा थर. अण्णांना मुरूम पटलेला नाही, पण म्हैस त्यांनाही लाडकी.

१९ ऑक्टोबर, शनिवार

भरणं आज संपलं. मी अर्धी सुट्टी टाकून आले, शेवटचे तीन थर माझ्यासमोर झाले.

थर असा : वीतभर कोरडा पालापाचोळा आणि भुसा, त्यावर गोठ्यातला ओला भुसा, त्यावर शेणाचा काला, वर मुरुमाची माती आणि चुलीतली चाळलेली राख चिमटी-चिमटीनं, मग पाणी. पुन्हा तेच. खड्ड्याचा चौथा हिस्सा, म्हणजे तीन फूट, मोकळा ठेवायचा. नाहीतर पुढे पलटायला जागा कुठून आणणार? भरून झाल्यावर पहारीनं ठिकठिकाणी उभी भोकं पाडली, हवेसाठी.

शेणावरून थोडी तणातणी झाली. घरात गॅस आहे, पण आंघोळीचं पाणी चुलीवर तापतं आणि बाफले (कणकेचे उकडलेले गोळे) गोवऱ्यांवरच भाजतात. कुकरमधल्या बाफल्याला आमच्या घरी कुणी हात लावत नाही. सगळं शेण खड्ड्यात गेलं तर गोवऱ्या कशाच्या थापायच्या? तह असा झाला की रोज एक टोपली गोवऱ्यांना, बाकी खड्ड्याला. अण्णा कुरकुरले, "शेण जाळू नये म्हणून तर त्या माणसानं एवढा खटाटोप केला." वहिनी म्हणाली, "मग रविवारी तुम्ही वरण-भात खा." अण्णा गप्प.

तुराट्यांचंही तेच. गेल्या वर्षीच्या तुराट्या वहिनीनं चुलीसाठी रचून ठेवल्यात, तिला त्या द्यायच्या नाहीत. अण्णा म्हणतात काड्यांशिवाय भुसा दबेल. तूर्त वहिनी जिंकली.

२७ ऑक्टोबर, रविवार

अण्णा जिंकले.

गाडीतून उतरल्या-उतरल्या वास आला. नासलेल्या अंड्यासारखा. माश्या घोंघावत होत्या. भेरूभाईंनी पहार खोल घातली, पाच मिनिटांनी काढून माझ्या हातात दिली. थंडगार, आणि टोकाला काळा चिकट लगदा. आतली उष्णता ६० अंशांच्या वर जायला हवी होती, म्हणजे पहार हातात धरवायला नको होती.

थ्रेशरचा भुसा फार बारीक असतो. पाणी पडलं की तो थापल्यासारखा बसतो, आत हवा जात नाही आणि मग कुजण्याऐवजी सडणं सुरू होतं. कुजणं वेगळं आणि सडणं वेगळं, हे अण्णांनी मला तीनदा सांगितलं. तिसऱ्यांदा मला वास आठवून कळलं. त्यात भर म्हणजे पाणी रोज मारलं जात होतं. कुणी? मीच फोनवर रोज विचारायचे, "पाणी मारलं का?" मग ते मारत होते. ओलावा पिळलेल्या फडक्याइतका हवा. आमचं फडकं न पिळलेलं.

वहिनीनं न बोलता तुराट्यांची अर्धी रास सोडली. त्या फोडायच्या कशा, याचं उत्तर हॉवर्डकडेच होतं. त्याच्या शेतावर कपाशीच्या पराट्या गाडीवाटेवर टाकून ठेवायचे, येणाऱ्या-जाणाऱ्या गाड्यांखाली त्या आपोआप चिरडायच्या. आम्ही आमच्या वाटेवर टाकल्या. आता दुधाची गाडी आणि ट्रॅक्टर आमच्यासाठी फुकट काम करताहेत. शेजारच्या शेतातल्या काकी थांबून बघत होत्या : "कईं करी रिया हो?" मी म्हटलं खत करतोय. त्या पुढे गेल्या, पुन्हा वळून एकदा बघितलं.

२८ ऑक्टोबर, सोमवार

वसुबारस, म्हणून राहिले. संध्याकाळी गाय-वासराची पूजा. वहिनीचा उपास. आज गहू खायचा नाही, म्हणून गव्हाच्या कोठीला टेकून बसून बाजरीची भाकरी आणि गवारीची भाजी. खड्ड्याचं काम काही नाही.

३ नोव्हेंबर, रविवार

भाऊबीज. पहिली पलटी.

नियमानं भरल्यापासून पंधरा-सोळा दिवसांनी, म्हणजे उद्या. पण हात आज होते. काल पाडव्याला कमलाबाईंनी (भेरूभाईंच्या घरच्या) अंगणात शेणाचा गोवर्धन केला, त्यात आमचं दोन टोपल्या शेण गेलं. ते खर्चात धरत नाही.

ओवाळल्यावर दादानं ताटात एक लांबोडकं पुडकं ठेवलं. उघडलं तर नवा कोरा लोखंडी पंजा, पाच दात्यांचा, दांड्यासकट. "साडी नेसून काय खत पलटणार?" आई म्हणाली, काय हे, सणासुदीला! मला मात्र आजवरची सगळ्यात कामाची ओवाळणी वाटली.

साडी बदलून खड्ड्यात उतरले. पलटी म्हणजे काय, हे कागदावर एका ओळीत संपतं : वरचं खाली, बाहेरचं आत. प्रत्यक्षात पहिला पंजा मारला तर तो रुतून बसला, ओढला तर सबंध थर चटईसारखा उचलला आणि मी मागे. भेरूभाईंनी दाखवलं : पंजा उभा घालायचा नाही, तिरपा सरकवायचा, गुडघ्याचा टेकू द्यायचा आणि झटकायचा. झटकला की गठ्ठा हवेत फुटतो, मोकळा होऊन पडतो. खरं काम त्या झटक्यात. मी चाळीसेक झटके मारले आणि तळहाताला फोड आला. बाकीच्यांचे किती झाले, मोजले नाहीत. मधे-मधे चिरडलेल्या तुराट्या मिसळत गेलो. मधला भाग काळा-निळा आणि वासाचा, कडेचा अजून पिवळा भुसा. मोकळ्या तीन फुटांत ढीग सरकत गेला आणि दुसऱ्या टोकाला नवे तीन फूट मोकळे झाले.

अण्णा खुर्ची टाकून काठावर. काठीनं दाखवत होते : "तो कोपरा राहिला." तो कोपरा राहिलाच होता.

आठ तास, सगळ्यांचे मिळून.

६ नोव्हेंबर, बुधवार (फोनवरून)

वहिनीचा फोन, सकाळी सव्वासहाला. "ताई, वाफ निघतेय."

१० नोव्हेंबर, रविवार

पहार धरवत नाही. वरचा थर बाजूला केला तर आत पांढरी बुरशी, पिठी भुरभुरावी तशी. अण्णा म्हणाले, पहिलं राज्य बुरशीचं, मग जिवाणूंचं. त्यांना आज फार बोलायचं होतं. हॉवर्ड शेतकऱ्यांना आणि किडींना आपले प्राध्यापक म्हणायचा, ही गोष्ट पुन्हा झाली. भेरूभाई ऐकत होते. नंतर मला हळूच म्हणाले, मग पगार कुणाला मिळायचा?

दादा सकाळी सहापासून डीएपी खताच्या रांगेत. दुपारी दोनला दोन गोण्या घेऊन आला, १,३५० ला एक. पाच हव्या होत्या. तो आला, जेवला आणि पलेव्याचं, म्हणजे पेरणीआधीचं, पाणी बघायला गेला. लाइट रात्रीची आहे या आठवड्यात. खड्ड्याकडे त्यानं बघितलंही नाही आणि मला राग आला. मग लक्षात आलं की सोयाबीनचा हमीभाव ४,८९२ आणि मंडीत त्याच्या पुष्कळ खाली बोली लागतेय, गहू पेरायचाय, खत मिळत नाही आणि बहीण रविवारी येऊन खड्ड्याभोवती नाचतेय. राग गिळला.

१७ नोव्हेंबर, रविवार

दुसरी पलटी. साडेसहा तास. वास गेला, रंग चहापूडसारखा. सोपं झालंय. ही नोंद मात्र पलटीची नाही.

शनिवारी रात्री राहिले होते. पहाटे पाचला जाग आली ती बादलीच्या कडीच्या आवाजानं. गोठ्यात गेले. वहिनीनं साडीवरून दादाचा जुना शर्ट घातलेला, डोक्याला फडकं. बल्ब एकच, तोही दाराशी. ती आधी जनावरांशी बोलली, मग हात लावला. म्हशीला उठवायचं म्हणजे शेपटीच्या मुळाशी थोपटायचं, ओढायचं नाही. उठली की तिच्याखालचं शेण गरम असतानाच दोन्ही हातांनी गोळा करून टोपलीत. फावड्यानं का नाही, विचारलं. म्हणाली, फावड्याला खडा लागतो, हाताला कळतो. गोळ्यातून तिनं खरंच दोन खडे आणि प्लॅस्टिकच्या सुतळीचा तुकडा काढून बाजूला ठेवला. मग ओला भुसा खुरप्यानं खरडला, कोरडा पसरला, मुरूम टाकला. खरडलेलं वेगळ्या टोपलीत. दोन्ही टोपल्या डोक्यावरून खड्ड्याशेजारच्या ढिगावर. पुढच्या खड्ड्यासाठी तिथे साठा चालू आहे, ते मला ठाऊकच नव्हतं. हात धुऊन दुधाला बसली, तेव्हा पाच वाजून पंचावन्न.

घड्याळ बघत होते. चाळीस मिनिटं. वहीत हे तास कुठेच नाहीत. मी वही काढली, तर तिनं बघितलं.

"ते कशाला लिहिता? ते रोजचंच आहे."

मी लिहिलं नाही. म्हणजे हिशेबात धरलं नाही. इथे लिहितेय.

१ डिसेंबर, रविवार

गहू उगवलाय. दादानं यंदा सगळा पूसा तेजस पेरला, एच. आय. ८७५९, आपल्या इंदूरच्याच गहू संशोधन केंद्राचा कठिया (ड्यूरम) गहू. ओळी सरळ आल्यात. दादा बांधावर उभा राहून मोबाइलवर फोटो काढत होता, आणि असा फोटो तो दर वर्षी काढतो, हे मला आज कळलं. सहा वर्षांचे आहेत. सगळे सारखेच दिसतात. त्याला मात्र प्रत्येकाचं वेगळं काही तरी आठवतं : या वर्षी बियाणं उशिरा मिळालं, या वर्षी मोटर जळाली.

खड्ड्याला पाणी दिलं, पिळलेल्या फडक्याइतकं.

१८ डिसेंबर, बुधवार (फोनवरून)

तिसरी पलटी, माझ्याशिवाय. वहिनी आणि कमलाबाई. पाच तास. मी विचारलं, रविवारपर्यंत थांबायचं ना. वहिनी म्हणाली, "महिना झाला ना? खताला रविवार कळतो का?"

२९ डिसेंबर, रविवार

कडाक्याची थंडी. पहार कोमट. अण्णांना खोकला, त्यामुळे काठावरची खुर्ची रिकामी. त्यांनी खिडकीतून विचारलं, कोपरा बघितला का. बघितला.

येताना मनात आलं, आमचं शहर देवगुराडियाला रोज साडेपाचशे टन ओल्या कचऱ्याचा गॅस करू शकेल एवढा कारखाना चालवतं, स्वच्छतेचा पहिला नंबर सोडत नाही, आणि ज्या पद्धतीला या शहराचं नाव आहे, ती बघायची तर मला सांवेर रस्त्यावर आमच्याच खड्ड्याशी यावं लागतं. गावात ज्यांना ज्यांना विचारलं त्यांच्याकडे उकिरडाच आहे. आधी मला तो आळस वाटायचा. आता वाटत नाही. पहिली पलटी येते पेरणीच्या तोंडावर, दुसरी पहिल्या पाण्याच्या वेळी. ज्या घरात हात मोजके, तिथे ढिगाला कोण विचारणार?

१९ जानेवारी २०२५, रविवार

काढलं. भरणं संपल्यापासून ९२ दिवस.

मूठभर उचललं तर हाताला ओलं नाही आणि उडतही नाही. वास पहिल्या पावसानंतरच्या बांधाचा. तुराटीचे जाड तुकडे तेवढे ओळखू येतात, ते चाळून पुढच्या खड्ड्याला. १४८ तगाऱ्या भरल्या, ट्रॉली पाऊण झाली. भरलेल्याच्या निम्म्याहून थोडं कमी. अण्णांना एक तगारी घरात नेऊन दाखवली. त्यांनी चष्मा लावला, चिमूट चुरली, नाकाशी नेली. म्हणाले, "राख जास्त पडली." मग तगारी बाजेखालीच ठेवून घेतली.

तासांचा हिशेब : वहिनी ३१, भेरूभाई साडेवीस, कमलाबाई १८, मी ९, दादा ५. एकूण ८३.५. आठ तासांचा दिवस आणि साडेतीनशे रोज धरला तर मजुरीच ३,६५० च्या पुढे. गेल्या वर्षी शेणखताची भरलेली ट्रॉली २,५०० ला घेतली होती. दादाला आकडे वाचून दाखवले. तो हसेल वाटलं. हसला नाही. विचारलं, "यात पहाटेचं धरलंय का?"

नाही धरलं.

"धर."

१४ ऑक्टोबर ते १८ जानेवारी ९७ दिवस, रोज चाळीस मिनिटं. जवळजवळ ६५ तास. एकट्या वहिनीचे झाले ९६. वहिनी म्हणाली, ते खड्डा नसता तरी करावंच लागलं असतं. हेही खरं. मी दोन बेरजा वेगवेगळ्या लिहिल्या, कुठली खरी ते ठरवलं नाही.

खत कुठे घालायचं यावर अर्धा तास. गहू उभा आहे, त्याला आता उपयोग नाही. दादाला लसणात हवं होतं. वहिनीला परसातल्या वांग्यांना आणि मेथीला. शेवटी शंभर तगाऱ्या लसणाला, बाकी परसात. दोन तगाऱ्या नव्या खड्ड्याच्या विरजणासाठी, आणि एक बाजेखाली आहेच.

२६ जानेवारी, रविवार

खड्डा क्रमांक २ भरायला घेतला. या वेळी तळाशी तुराट्या आधी.

वही गोठ्याच्या खिडकीत राहिली होती गेल्या रविवारी. आज उघडली तर माझ्या आकड्यांच्या खाली निळ्या पेनानं, वहिनीच्या अक्षरात :

"२१ ता. शेण ४० मि. २२ ता. शेण ४० मि. २३ ता. शेण ५५ मि. कमलाबाई माहेरी, म्हशीचं पण मीच. २४ ता. ४० मि. २५ ता. लिहायचं राहिलं."